राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ?

घर बांधायला काढलं की कोणीतरी सांगतोच, "पीपीसी घेऊ नका, त्यात राख मिसळतात." पीपीसी म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात राख असते, खरंच. पण चुलीतली नव्हे. चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत निघते तसली कोळशाची उडती राख. आणि ती चोरून घातलेली नसते. भारतीय मानक १४८९ नुसार तिचं प्रमाणच १५ ते ३५ टक्के ठरलेलं आहे.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की चुना सुटतो. राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावते, आणखी चिकट बंध तयार होतो, बारीक छिद्रं बुजतात. मात्र हे सगळं सावकाश. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारतात, तर याला किमान १०. तिसऱ्याच दिवशी पाइप गुंडाळून ठेवायचा आणि खापर राखेवर फोडायचं!