देव न मानणारा हीरो आणि भक्त साथीदार (रोलप्ले)

फँटसी गेममध्ये आपलं कॅरेक्टर देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही असं ठरवून खेळायचं, आणि पार्टीत (म्हणजे हीरोसोबत फिरणाऱ्या टोळीत) मात्र एक पक्का भक्त सोबत घेऊन फिरायचं, असली ही पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी पोरांना ती समजावून सांगावी लागत नाही. आईला सौंदत्तीच्या यल्लम्माला गाडीतून नेणार, कपाळाला भंडारा लावून घेणार, पण हात काही जोडणार नाही, असला एकतरी भाऊ इथं गल्लीत असतोयच.

अडचण अशी की ह्या जगांत देव बऱ्याचदा खरोखरच असतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या गेमच्या फरगॉटन रेल्म्स नावाच्या जगात पुजारी मंत्र म्हणतो आणि डोळ्यादेखत जखम भरून येते, तिथं 'देव नाहीच' म्हणणारा हीरो येडाच वाटणार की. म्हणून बरेच जण दुसरी वाट धरतात, देव असेल तर असू दे, मी पाया पडणार नाही. त्याच जगातल्या नेव्हरविंटर नाइट्स २ च्या 'मास्क ऑफ द बिट्रेयर' (२००७) मध्ये तर कुठलाच देव न मानणाऱ्यांचे आत्मे एका भिंतीत चिणलेले असतात, आणि त्या भिंतीविरुद्ध उठलेली कोण, तर केलिन नावाची पुजारीण! भक्तच हीरोपेक्षा जास्त बंडखोर.

ड्रॅगन एज ह्या गेममालिकेचं वेगळं आहे, तिथला देव, म्हणजे मेकर, कधी समोर येतच नाही, त्यामुळं शंकेला भरपूर जागा. 'इन्क्विझिशन' (२०१४) मध्ये लोक हीरोलाच मेकरची प्रेषित अँड्रास्टे हिचा दूत म्हणायला लागतात, तो 'मला नाही पटत' म्हणू शकतो, तरी भक्त साथीदार कसांड्रा साथ सोडत नाही. पण न मानणं वेगळं आणि विटंबना वेगळी, 'ओरिजिन्स' (२००९) मध्ये अँड्रास्टेच्या अस्थिकलशात ड्रॅगनचं रक्त ओतलं तर सोबत असलेली भक्त लेलियाना थेट अंगावर येते, आणि ते बरोबरच आहे.

खरी मजा बाल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये. शॅडोहार्ट ही शार देवीची पुजारीण, तिच्या आठवणीच पुसून टाकलेल्या. गेम मराठीत नाही, कन्नडातही नाही, मग रूमवर चारजण बसले की ज्याचं इंग्लिश बरं तो वाचून सांगतो, 'ती म्हणायलीय देवीनं परीक्षा घेतलीय', आणि मागून कोणतरी 'अरे तिला सांग की हे सगळं खोटं हाय' म्हणून ओरडतो. (पुढं स्पॉयलर आहे.) देवीसाठी नाइटसाँग ह्या कैदेतल्या बाईला मारायचं की नाही, ह्या सीनला शॅडोहार्टला पटवायला गेलात तर फाशात फार मोठा आकडा पडावा लागतो, पण आधी तिचा विश्वास कमावला असेल आणि तिथं तोंड बंद ठेवून निर्णय तिच्यावर सोडला, तर ती आपणहून भाला टाकून देते. वाद घालून जे होत नाही ते सोबत राहून होतं, हे गेमवाल्यांनी चांगलं पकडलंय.

वाईट भाग म्हणजे अप्रूव्हल, साथीदाराला आपलं वागणं पटलं की मिळणारे पॉइंट. ते मिळावेत म्हणून खेळणारा खोटंच 'हो, माझीपण श्रद्धा आहे' म्हणतो, मग रोलप्ले कसला, ती मस्कापॉलिश झाली. पाथफाइंडरच्या 'रॅथ ऑफ द राइटियस' (२०२१) मध्ये कॅरेक्टर बनवतानाच देवाच्या जागी नास्तिक निवडता येतं, हे त्यापेक्षा सरळ.

उलटी गंमत 'प्लेनस्केप : टॉर्मेंट' (१९९९) ची. डक्कॉन ह्या साथीदाराची, त्याच्या लोकांचा गुरू झर्थिमॉन ह्याच्या शिकवणीवरची श्रद्धा डळमळलेली असते, हीरो त्याच्याकडूनच त्या शिकवणीचा दगडी ग्रंथ शिकायला बसतो, आणि हीरोची बुद्धी पुरेशी असली तर आतली लपलेली पानं उघडून डक्कॉनची शंका हीरोच मिटवतो.