गीतचित्रीकरण

आधी ध्वनिमुद्रित केलेले गाणे चित्रीकरणाच्या जागी वाजवून त्यावर नटांचे ओठ, अंगविक्षेप आणि कॅमेऱ्याची हालचाल बसवण्याची भारतीय चित्रपटातील पद्धत. धंद्यात याला ‘साँग शूट’ किंवा ‘पिक्चरायझेशन’ म्हणतात. चित्रपटातील इतर प्रसंगांत आधी चित्र तयार होते, संकलक त्याची लांबी ठरवतो आणि पार्श्वसंगीत शेवटी येते. गाण्यात हा क्रम उलटतो. गाणे ४ मिनिटे २० सेकंदांचे असेल, तर छायालेखक, नृत्यदिग्दर्शक, कलादिग्दर्शक आणि संकलक यांना तेवढाच वेळ मिळतो आणि त्यातला प्रत्येक ठोका कुठे पडणार हे आधीच ठरलेले असते. गाणे बसवण्याचे बहुतेक तंत्र आणि त्यात होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीतून निघतात.

उगम

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडद्यावर गाणे आले. तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर किंवा सेटवरच्या झाडाझुडपांआड बसत. मायक्रोफोन एका जागी असल्याने गाणाऱ्याला त्याच्यापासून दूर जाता येत नसे. कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून कॅमेराही बंदिस्त ठेवावा लागे. त्यामुळे त्या काळची गाणी लांबलचक, स्थिर शॉटमध्ये दिसतात. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये (१९३२) गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे आपल्याच आवाजात गायले.

१९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ या बंगाली चित्रपटात आणि त्याच्या ‘धूप छाँव’ या हिंदी आवृत्तीत गाणे आधी मुद्रित करून नंतर त्यावर चित्रीकरण केले. या पार्श्वगायनाने गळा आणि चेहरा वेगळे झाले, हे नेहमी सांगितले जाते. कॅमेऱ्यावर झालेला परिणाम मात्र तितकाच मोठा आहे. मायक्रोफोनची अट गेल्यावर कॅमेरा डोंगरावर चढू शकला, नट दोनशे फुटांवर धावू लागला आणि आवाज तरीही कानाशीच राहिला. प्रेक्षकांनी ही विसंगती इतकी सहज स्वीकारली, की आज गाण्यातला आवाज अंतरानुसार कमीजास्त केला तर तोच दोष वाटतो.

गाण्याचे गणित

चित्रीकरणाआधी संगीतकाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : गाण्याची लय (मिनिटाला किती ठोके) आणि लय बदलत असेल तर ती नेमकी कुठे बदलते. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. त्यामुळे १२० लयीच्या गाण्यात एक ठोका १२ फ्रेम्सचा, ९६ लयीत १५ फ्रेम्सचा आणि ९० लयीत १६ फ्रेम्सचा होतो. ९६ लयीत १६ ठोके बरोबर १० सेकंदांत संपतात. ट्रॉली, म्हणजे कॅमेऱ्याची चाकांची गाडी, किती फूट आणि किती वेगाने ढकलायची हे यावरून निघते. १०० लयीत ठोका १४.४ फ्रेम्सचा येतो. अशा गाण्यात प्रत्येक कट ठरावीक १४ फ्रेम्सवर ठेवत गेले तर पाचव्या ठोक्यापर्यंत कट दोन फ्रेम्सने आधी पडू लागतो.

गाण्याची विभागणी मुखडा, अंतरा आणि त्यांच्यामधले संगीताचे तुकडे अशी करतात. प्रत्येक ओळीला क्रमांक देऊन तिच्या सुरुवातीची आणि शेवटाची वेळ लिहून ठेवली, की सेटवर ‘दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ’ शोधण्यात वेळ जात नाही. शॉटसाठी लावण्याच्या प्रतीत गायकाचा आवाज वाद्यांपेक्षा थोडा वर ठेवतात आणि सुरुवातीला आठ ठोक्यांची टिकटिक जोडतात. ती नसेल तर नट पहिला शब्द हमखास उशिरा उचलतो.

सर्वांत महाग पडणारी चूक याच टप्प्यावर होते. अंतिम गाणे तयार नसल्याने कच्च्या मुद्रणावर, म्हणजे ‘स्क्रॅच’वर, चित्रीकरण उरकले जाते. गायक नंतर बदलला तरी चालते, लय बदललेली चालत नाही. ९६ लयीवर चित्रित झालेले चार मिनिटांचे गाणे अंतिम मुद्रणात ९८ लयीने वाजवले, तर ते जवळजवळ पाच सेकंदांनी आखूड होते आणि एकही ओठ जुळत नाही. अंतिम मुद्रण त्याच टिकटिकीवर करणे हाच उपाय आहे. लय शेवटी वाढत जाते अशा गाण्यांत, विशेषतः ढोलकीच्या लावणीत, ठोक्यांचा पूर्ण नकाशा जपून ठेवावा लागतो.

सेटवरचा प्लेबॅक

चित्रफितीच्या काळात नाग्रा टेपरेकॉर्डरवरून गाणे वाजत असे. कॅमेरा आणि टेप या दोन्हींचा वेग अचूक राहिला नाही तर लांब शॉटच्या शेवटी ओठ घसरत. आज गाणे संगणकावरून वाजते, त्यासोबत टाइमकोड, म्हणजे गाण्यातल्या प्रत्येक क्षणाचा वेळदर्शक आकडा, जातो आणि तो शॉटच्या सुरुवातीला दाखवायच्या पाटीवरही (क्लॅपबोर्डवर) दिसतो. त्यामुळे संकलकाला शॉट गाण्यातल्या नेमक्या जागी बसवता येतो. पाटी न घेता शॉट घ्यायची घाई झाली, तर संगीताच्या तुकड्यांवरचे शॉट जागेवर लावणे फार कठीण होते. त्यांत ओठ नसतात, म्हणून मेळ तपासायला काहीच उरत नाही.

नटाने ओठ नुसते हलवू नयेत, मोठ्याने गावे. न गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा हलत नाहीत, श्वास घेताना खांदे उचलत नाहीत आणि लांब तानेच्या शेवटी चेहरा ताजातवाना राहतो. क्लोजअपमध्ये हे लगेच कळते. श्वासाच्या जागा गायकाच्या मुद्रणातून ऐकून पाठ करणे हा नटाच्या तयारीचा भाग आहे.

ध्वनीच्या वेगाचा प्रश्न बाह्यचित्रीकरणात हमखास येतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. स्पीकर कॅमेऱ्याजवळ आणि नट ५० मीटरवर असेल, तर त्याला गाणे सुमारे साडेतीन फ्रेम्स उशिरा ऐकू येते. मागे शंभर मीटरवर नाचणारे समूहनर्तक त्याच्याहूनही मागे पडतात. म्हणून स्पीकर नटाजवळ, चौकटीबाहेर लपवतात आणि मोठ्या समूहासाठी तो दोनतीन ठिकाणी लावतात. कानात लपवायचे बिनतारी यंत्र वापरायचे असेल तर ते किती उशीर करते हे आधी पाहावे. ब्लूटूथची साधी यंत्रे यासाठी निरुपयोगी आहेत.

संथ गती

पदर उडतो, केस हळू सावरले जातात, आणि ओठ मात्र गाण्याबरोबर अचूक चालतात. हा परिणाम साधण्यासाठी कॅमेरा जितक्या पट वेगाने चालवायचा, तितक्याच पट वेगाने गाणे वाजवायचे. सेकंदाला ३६ फ्रेम्स असतील तर गाणे १५० टक्के आणि ४८ फ्रेम्सला २०० टक्के वेगाने लावतात. नट दुप्पट वेगाने गातो आणि २४ फ्रेम्सने दाखवताना ओठ मूळ लयीत येतात. दुप्पट हीच व्यवहारात मर्यादा आहे. त्यापुढे जोडाक्षरे उच्चारता येत नाहीत आणि डोळ्यांतला भाव घाईने विरतो. ९६ फ्रेम्सचे शॉट म्हणून संगीताच्या तुकड्यांसाठी राखून ठेवावेत.

दुप्पट वेगाला प्रकाश एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, लागतो, हे सगळ्यांच्या लक्षात असते. दिव्यांची लुकलुक मात्र विसरली जाते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट आणि रस्त्यावरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात. ४८ फ्रेम्सला अर्ध्या उघडीपीचा (१८० अंशांचा) शटर सेकंदाचा ९६वा भाग उघडा राहतो. तो या उजळण्याशी जुळत नाही आणि पडद्यावर प्रकाश धडधडतो. ५० फ्रेम्स ठेवले तर शटर बरोबर शंभराव्या भागावर येतो आणि प्रकाश स्थिर राहतो. मग गाणे २०० नव्हे, २०८.३३ टक्के वेगाने वाजवावे लागते. २४ फ्रेम्सलाही शटर १८० ऐवजी १७२.८ अंश ठेवतात, ते याच कारणासाठी. बाजारात, लग्नमंडपात किंवा जत्रेत चित्रीकरण असेल तर तिथले दिवे आदल्या रात्री कॅमेऱ्यातून तपासलेच पाहिजेत.

कॅमेरा

नाचाच्या गाण्यात कॅमेरा कुठे ठेवायचा हे शरीराचा कोणता भाग ताल दाखवतो यावर ठरते. लावणीत पायांवरचे घुंगरू, कमरेची लचक आणि डोळ्यांची अदा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्ण आकृती दाखवणारा शॉट पायाच्या कामाला न्याय देतो, पण अदा गमावतो. क्लोजअपमध्ये अदा मिळते आणि ठेका जातो. म्हणून निदान मुखड्यासाठी डोक्यापासून पावलापर्यंतचा एक अखंड शॉट घ्यावाच. आज हा शॉट पुष्कळदा घेतलाच जात नाही आणि चांगल्या नर्तिकेचे काम तुकड्यांत हरवते. हे मोठे नुकसान आहे.

ट्रॉली ढकलणाऱ्यालाही गाणे ऐकू यायला हवे. ट्रॉली समेवर थांबली तर ती हालचाल गाण्याचा भाग वाटते, अर्ध्या ठोक्याने पुढे गेली तर चूक वाटते. गिरकीच्या शॉटमध्ये अक्षरेषेचा, म्हणजे कॅमेरा हालचालीच्या एकाच बाजूला ठेवण्याचा, नियम मोडायला फार वेळ लागत नाही. नर्तिका उजवीकडून डावीकडे वळत असताना कॅमेरा पलीकडे गेला, की पुढच्या कटनंतर ती उलटी फिरताना दिसते. अशा वेळी अगदी समोरून घेतलेला एक तटस्थ शॉट हाताशी असावा.

गीतचित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष आवाज घ्यायचा नसतो. त्यामुळे दिग्दर्शक शॉट चालू असताना सूचना देऊ शकतो आणि गजबजलेल्या रस्त्यावरही काम करता येते.

प्रकाश आणि रंग

‘कागज़ के फूल’ (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओतल्या गाण्यासाठी आरशांनी बाहेरचे ऊन आत वळवले. दिव्यांनी असा समांतर झोत मिळत नव्हता, कारण दिवा जवळ असल्याने त्याचे किरण पसरतात. पुढच्याच वर्षी ‘मुग़ल-ए-आज़म’ या मुख्यतः कृष्णधवल चित्रपटात शीशमहालातले गाणे रंगीत आले. सेटभर आरसे असल्याने प्रत्येक दिवा कॅमेऱ्यात परत दिसत होता. छायालेखक आर. डी. माथुर यांनी थेट प्रकाश टाळून परावर्तित प्रकाशावर काम केले.

रंगांची निवड पार्श्वभूमीपासून करावी, कपड्यांपासून नव्हे. हिरव्यागार शेतात हिरवी नऊवारी विरघळते. गर्द जांभळी किंवा काळी चंद्रकळा रात्रीच्या सेटवर मागून प्रकाश नसेल तर नुसता ठिपका होते. जरीचे काठ दिव्याची तिरीप थेट परत फेकतात, म्हणून दिव्यासमोर विरळ कापडाची चौकट लावतात. गडद लाल एलईडी प्रकाशात डिजिटल कॅमेऱ्याचा लाल घटक आधी भरून जातो आणि चेहऱ्याचे बारकावे पुसले जातात. नंतर रंगसंस्करणात ते परत आणता येत नाहीत. अशा वेळी त्यात थोडा पांढरा प्रकाश मिसळावा आणि एक्सपोजर लाल घटक पाहून ठरवावे. समूहाला एकदोन रंगांत बांधून नायिकेला तिसरा रंग देण्याची रूढी जुनी आहे आणि लांबच्या शॉटमध्ये ती आजही उपयोगी पडते.

मावळतीचा सोनेरी प्रकाश गाण्यांत फार वापरला जातो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो. क्षितिजापासून सहा अंश उंचीवरून मावळायला त्याला सुमारे २५ मिनिटेच लागतात आणि सह्याद्रीच्या दरीत डोंगर त्याआधीच सूर्य झाकतो. एवढ्यात एका ओळीचे दोनतीन शॉट होतात. संपूर्ण अंतरा या प्रकाशात हवा असेल तर अनेक संध्याकाळी लागतात. त्या सगळ्या सारख्या दिसाव्यात म्हणून रोज व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता प्रकाश पांढरा धरायचा ते) एकच ठेवावा आणि ढगाळ दिवशी फक्त जवळचे शॉट घ्यावेत.

संकलन

ओठांचा मेळ तपासण्यासाठी मराठी-हिंदीत प, फ, ब, भ, म ही अक्षरे पाहावीत. ती उच्चारताना ओठ मिटायलाच हवेत. ‘माझ्या’ हा शब्द ऐकू येताना ओठ उघडे दिसले तर शॉट एकदोन फ्रेम्सने सरकवावा लागतो. चित्राच्या आधी आलेला आवाज ४५ मिलिसेकंदांवरच, म्हणजे साधारण एका फ्रेमवर, जाणवू लागतो. उशिरा आलेला आवाज १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपतो. शंका असेल तर चित्र आवाजाच्या थोडे आधी ठेवणे बरे.

प्रत्येक ठोक्यावर कट करणे ही नवशिक्याची खूण आहे. तिसऱ्या-चौथ्या कटनंतर डोळ्याला अंदाज येतो आणि गाणे यांत्रिक होते. बराच वेळ न कापता ठेवून समेच्या एकदोन फ्रेम्स आधी कापले, तर नवे चित्र डोळ्यांत भरायला आणि ठोका पडायला एकच वेळ येते. हालचालीवरचा कट मात्र हालचाल सुरू झाल्यावर करावा. हात वर जाऊ लागला, मध्येच कापले आणि पुढच्या शॉटमध्ये तो वर पोचला, तर ठोक्याशी थोडी तफावतही खपून जाते.

ध्वनिमिश्रण

संवाद खोलीत मुद्रित झालेला असतो आणि गाणे स्टुडिओत. दोन्हींतला फरक पहिल्या सुरालाच उघडा पडतो. त्यासाठी प्रसंगातला परिसराचा आवाज गाण्याच्या पहिल्या दोनतीन सेकंदांपर्यंत खालून चालू ठेवतात आणि मग हळूहळू काढतात. घुंगरू, बांगड्या, पावले, पाण्याचा आवाज हे नंतर चित्र पाहून वेगळे मुद्रित करतात. घुंगरांच्या बाबतीत हे काम जपून करावे लागते : मूळ गाण्यातही घुंगरू वाजत असतील, तर पडद्यावरच्या पायाचे घुंगरू त्यांच्याशी काही मिलिसेकंदांनी जरी चुकले, तरी दुहेरी खळखळ ऐकू येते. अशा वेळी गाण्यातला घुंगरांचा ट्रॅक संगीतकाराकडून सुटा मागवून तो उतरवतात आणि चित्राबरोबरचाच ठेवतात.