मारिओ 16 खरंच आला होता का?

समज असा : टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायच्या जुन्या आठ बिटच्या मशीनवर मारिओ या गेमचे 4 पासून 16 पर्यंतचे भाग मूळ कंपनीनेच काढले, आपल्याकडे फक्त कॅसेटी उशिरा आल्या.

सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या स्टॉलवरून आणलेल्या पिवळ्या कॅसेटवर ‘मारिओ 16’ छापलेलंच असायचं, त्यामुळे असं वाटणं साहजिक होतं. पण त्या मशीनवर अधिकृत मालिका तिसऱ्या भागापाशी, 1988 मध्ये, थांबली. 1990 मध्ये जपानात ‘4’ हा आकडा आला खरा, पण तो सोळा बिटच्या नव्या मशीनवरच्या गेमला.

मग 16 काय होता? ‘जो अँड मॅक’ नावाचा आदिमानवांचा गेम. विनापरवाना कॅसेटी बनवणाऱ्यांनी त्यातल्या नायकाचं चित्र बदलून मारिओ बसवला आणि नाव फिरवलं. ‘14’ असाच दुसऱ्या एका जपानी गेमवरून केलेला. कारागिरी मात्र बरी होती, हे मान्य करावं लागेल!

पडताळणी सोपी आहे. यूट्यूबवर ‘जो अँड मॅक’ची आठ बिटची आवृत्ती आणि ‘मारिओ 16’ शेजारीशेजारी लावा. तेच डायनासोर, त्याच लेव्हल दिसतील. कॅसेट सोलापुरात अजून कुणाच्या माळ्यावर असेल, तर तिसऱ्या भागासारखं विटेवर डोकं आपटून नाणं निघतं का, तेही बघा.