बाटलीचे दूध आणि वरचे दूध

इंदूरच्या मराठी घरांत, विशेषतः रामबागेसारख्या जुन्या वस्तीत, बाळाच्या तोंडी बाटली दिसली की ‘अंगावरचे सुटले वाटते’ असे उद्गार निघतात, आणि ते ऐकून मी आता कंटाळले आहे. बाटली हे भांडे आहे, वरचे दूध हा आहार. बाटलीत आईचे काढलेले दूध असू शकते आणि वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्यानेही पाजता येते. माझ्या मते काही वेळाच पाजायचे असेल तर वाटीच बरी, कारण ती धुणे सोपे असते.

पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध, हे सर्वांना पाठ आहे. 26 आठवड्यांची प्रसूती रजा संपत आली की बाटलीचा विषय निघतो आणि खरी गफलत तेथे होते. दूध जितके काढले जाते, तितके तयार होते. दुपारच्या बाटलीत आईचेच दूध असेल आणि त्या सुमारास ती कामावर दूध काढत असेल, तर तिच्या शरीराला फारसा फरक कळत नाही आणि रात्री बाळ पूर्वीप्रमाणे अंगावर पिते. त्याच बाटलीत पावडरचे दूध आले आणि दुपारी दूध काढलेच गेले नाही, तर ते हळूहळू आटू लागते. मग ‘हिचे दूध पुरत नाही’ असा निवाडा होऊन दुसरी बाटली येते, आणि दोष आईच्या माथी बसतो. कोणाला ठरवून पावडरवर जायचे असेल तर अवश्य जावे, मात्र एकेक वेळ काही दिवसांच्या अंतराने सोडावी. एकदम सोडल्यास छाती दाटून गाठी होतात.

साठवणीचे थोडक्यात सांगते. काढलेले दूध फ्रीजमध्ये 4 दिवस टिकते. बाहेर 4 तासांचा हिशेब 25 अंशांपर्यंतच्या खोलीचा आहे, इंदूरच्या मे महिन्याचा नाही. कालवलेली पावडर 2 तासांत संपवावी, आणि नळाला नर्मदेचे पाणी येते म्हणून उकळणे टाळू नये. वर्षाच्या आत पावडरऐवजी पाणी घातलेले गाईचे दूध नको.

फ्रीजमधल्या आईच्या दुधावर साय जमून खाली निळसर पातळ दूध दिसले की ‘नासले’ म्हणून ते मोरीत ओतणाऱ्या आज्यांवर माझा विशेष राग आहे. ते नासलेले नसते. बाटली हलकेच गोल फिरवली की पुन्हा एकजीव होते.