रंग पेशीत बसतो कुठे?

फोटोडायनॅमिक उपचाराची ओळख बहुतेक ठिकाणी तीन शब्दांत उरकतात: रंग, उजेड, ऑक्सिजन. रुग्णाला प्रकाशसंवेदक औषध (हाच तो रंग) द्यायचं, ते कर्करोगाच्या गाठीत साठू द्यायचं आणि मग तिथे ठरावीक तरंगलांबीचा, बहुधा लाल, प्रकाश टाकायचा. औषध प्रकाशाची ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतं, त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं फार क्रियाशील रूप, तयार होतो आणि तो हाताशी लागेल ते जाळतो. खरी मेख या 'हाताशी'त आहे. औषध पेशीत नेमकं कुठे बसलंय, हा प्रश्न ऐरणीवर यायला जवळपास नव्वद वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते म्युनिकमध्ये. १८९७-९८च्या हिवाळ्यात ऑस्कर राब हा वैद्यकीचा विद्यार्थी हेर्मान फॉन टापाइनर यांच्या हाताखाली ॲक्रिडीन हे रंगद्रव्य पॅरामेशियम या एकपेशीय जीवाला किती विषारी ठरतं ते पाहत होता. द्रावण तेच, प्रमाणही तेच, तरी पॅरामेशियम मरायला लागणारा वेळ काही जुळेना. एका प्रयोगाच्या दिवशी वादळाने आभाळ भरून आलं होतं, असं सांगतात. दुसरा कोणी असता तर वैतागून वही मिटली असती; राबने उजेडही हिशेबात धरला आणि फरक त्यानेच पडतो हे ओळखलं. टापाइनर आणि योडल्बाउअर यांनी पुढे ऑक्सिजनची गरज ओळखून 'फोटोडायनॅमिक' हा शब्द रूढ केला. १९०३ मध्ये टापाइनर आणि येसिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन लावून उजेड देऊन पाहिला.

(आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवत, तेच हे, असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. बावचीतलं सोरालेन थेट डीएनएला चिकटतं आणि त्याला ऑक्सिजनची गरज पडत नाही.)

१९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशसंवेदक स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलं. उन्हात जाईपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला आणि ऊन बाधण्याचा त्रास दोन महिन्यांहून अधिक काळ टिकला. पुढची कित्येक दशकं चिंता राहिली ती हीच: औषध गाठीत किती आणि कातडीत किती? बफेलोच्या रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डॉगर्टी यांनी १९७८ मध्ये २५ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले, तेव्हाही मोजमाप गाठीचंच होतं. फोटोफ्रिन या प्रकाशसंवेदक औषधाला पहिली मान्यता १९९३ मध्ये कॅनडात मिळाली, मूत्राशयाच्या कर्करोगासाठी.

पेशीच्या आत डोकावणारे अगदीच नव्हते असं नाही. ॲलिसन, मॅग्नस आणि यंग यांनी १९६६ मध्येच लयकारिका, म्हणजे लायसोसोम, आणि पेशीपटल यांच्याकडे बोट दाखवलं होतं. पण पत्त्याला एवढं महत्त्व का, याचं चोख उत्तर १९९१ मध्ये ऑस्लोहून आलं. योहान मोआन आणि क्रिस्टियान बर्ग यांनी हिशेब मांडला की पेशीत सिंगलेट ऑक्सिजन जन्मल्यापासून विझेपर्यंत जेमतेम १० ते २० नॅनोमीटर सरकतो. पेशीपटलाची जाडी साधारण ७ ते १० नॅनोमीटर आणि अख्खी पेशी १० ते २० हजार नॅनोमीटर, हे शेजारी ठेवून पाहा. म्हणजे औषध जिथे, जाळ तिथेच. नंतर डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथल्या मोजमापांत हा आयुष्यकाळ बराच जास्त भरला. तरीही पेशीच्या मानाने त्याची धाव छोटीच राहिली.

१९९१ मध्येच क्लीव्हलंडमध्ये नॅन्सी ओलाइनिक यांच्या गटाला दिसलं की या उपचाराने उंदराच्या लिम्फोमा (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) पेशी झपाट्याने अपोप्टोसिसने मरतात. नुसत्या फुटत नाहीत, ठरल्या क्रमाने स्वतःला आवरून घेतात. मग डेट्रॉइटच्या डेव्हिड केसल यांनी वेगवेगळ्या जागी बसणारी औषधं समोरासमोर ठेवून तपासली. तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, बसणाऱ्या औषधाने अपोप्टोसिस लगेच सुरू झाला. तिथून सायटोक्रोम सी हे अपोप्टोसिसला चालना देणारं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशीला वाचवणारं बीसीएल-२ प्रथिनही उजेडाने बिघडतं. पेशीपटलावर मारा झाला की पेशी बहुधा फुटूनच जाते. लयकारिका फुटली तर तिथले पाचक विकर बाहेर सांडतात, ते बिड हे प्रथिन कापतात आणि आडवाटेने निरोप तंतुकणिकेपर्यंतच पोचतो.

केनेडी आणि पॉटियर यांची १९९०ची युक्ती या चौकटीत आपोआप बसते. किंग्स्टन, ऑन्टारिओ इथे त्यांनी त्वचेवर तयार औषध लावलंच नाही, अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावलं. त्यापासून पेशीच प्रोटोपॉर्फिरिन बनवते, आणि त्याची शेवटची घडण तंतुकणिकेत होते. औषध जन्मतंच मोक्याच्या जागी! या साखळीतली माझी सगळ्यात आवडती कडी हीच.

ऑस्लोच्याच बर्ग यांच्या गटाने १९९९ मध्ये उलटा डाव टाकला. पेशीने गिळलेली मोठी औषधं पिशवीसारख्या एंडोसोममध्ये अडकून पडतात. प्रकाशसंवेदक त्या पिशवीच्या पटलात बसवायचा, उजेड दाखवायचा, पिशवी फाडायची आणि आतलं औषध मोकळं करायचं. इथे प्रकाशसंवेदकाकडे मारण्याचं काम नाही, दार उघडण्याचं आहे.

केसल आणि रायनर्स यांनी २०१४ मध्ये दोन पत्ते एकापाठोपाठ वापरले. आधी लयकारिकेवर हलका मारा, मग तंतुकणिकेवर. पहिल्या माऱ्याने कॅल्पेन हे विकर जागं होतं, ते एटीजी-५ प्रथिन कापतं, आणि तो तुटका तुकडाच पेशीला अपोप्टोसिसकडे ढकलतो. दुसऱ्या माऱ्यासाठी वापरलेलं औषध होतं वर्टेपॉर्फिन, म्हणजे २००० साली डोळ्याच्या पडद्याच्या विकारासाठी मान्यता मिळालेलं तेच.