अंगावरून गेलेले वारे आणि जनुकांची चाचणी

सोलापूर जिल्ह्यातील खेड्यांत पक्षाघाताला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात, शहरात ‘लकवा मारला’ म्हणतात आणि केसपेपरवर ‘स्ट्रोक’ असे लिहिलेले असते. शब्द कोणताही असला, तरी नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘आमच्या घराण्यातच आहे, आजोबांनाही असंच झालं होतं.’ हे वाक्य चूक नाही. मात्र त्यात घराण्यात चालत येणारी प्रवृत्ती आणि एकाच जनुकामुळे होणारा आजार या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि जनुकीय चाचणीविषयीची अवाजवी आशा व अवाजवी भीती या दोन्हींचे मूळ त्या गल्लतीतच आहे.

बहुतांश पक्षाघात मेंदूची रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने बंद झाल्यामुळे होतात आणि त्यांतील बहुतेकांमागे कोणतेही एकच जनुक नसते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गिगास्ट्रोक’ या जागतिक अभ्यासात सुमारे १ लाख १० हजार रुग्णांच्या जनुकसंचाची छाननी झाली आणि त्यात पक्षाघाताशी संबंधित ८९ जागा आढळल्या. पण त्यांपैकी प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ असतो आणि अनेक जागा रक्तदाब किंवा हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या वाटेनेच परिणाम करतात. म्हणजे आजोबांकडून नातवाकडे बहुतेक वेळा पक्षाघात येत नाही, तर रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती येते, आणि तिच्या जोडीला त्याच घरातील मीठ, तंबाखू आणि मिश्रीही येते. भारतासह ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे ९० टक्के भाग बदलता येण्याजोग्या दहा घटकांशी जोडला आणि त्यांत उच्च रक्तदाब पहिला होता. लाळेचा नमुना पाठवून अशा अनेक जागांची बेरीज करून काढलेला ‘धोक्याचा गुणांक’ मागवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की असे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने आपल्याकडे ते कमी विश्वासार्ह ठरतात. चाळिशीतल्या माणसाने त्या पैशांत दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

काही घराणी मात्र खरोखरच अपवाद असतात. ‘कॅडॅसिल’ या आजारात १९ व्या गुणसूत्रावरील ‘नॉच ३’ या एकाच जनुकातील बदलामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडत जातात. हे जनुक १९९६ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी शोधून काढले. तरुणपणी डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत रक्तदाब फारसा नसतानाही पक्षाघात, पुढे स्मृतिभ्रंश आणि एमआरआयमध्ये ठरावीक जागी पांढरे डाग असे चित्र एकाच घरात दोन-तीन पिढ्या दिसले, तर चाचणीला अर्थ आहे. आई किंवा वडिलांपैकी एकाकडून आलेली या जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरेशी असल्याने प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे ‘आमच्यात नात्यात लग्ने होत नाहीत, मग हे कसे?’ हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

तो प्रश्न अन्यत्र लागू पडतो. मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषा नांदणाऱ्या सोलापूर शहरात मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करणे काही समाजांत रूढ आहे, आणि दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत आल्यावरच होणाऱ्या आजारांची शक्यता अशा विवाहांत वाढते. ‘होमोसिस्टिनुरिया’ हा त्यांपैकी एक दुर्मीळ आजार असून त्यात लहान वयातही रक्ताच्या गुठळ्या होतात. त्याचा पहिला सुगावा रक्तातील होमोसिस्टीन या अमिनो आम्लाच्या साध्या तपासणीतून लागतो आणि काही रुग्णांना ब ६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने चांगला गुण येतो.

लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली चाचणी आजार शोधणारी नसून औषधाविषयीची आहे. पक्षाघातानंतर अनेकांना दिली जाणारी क्लोपिडोग्रेल ही गुठळ्या रोखणारी गोळी यकृतातील एका विकरामुळे (एन्झाइममुळे) शरीरात कार्यक्षम होते, आणि त्या विकराच्या ‘सीवायपी २ सी १९’ या जनुकाचे मंद रूप दक्षिण आशियात बऱ्याच लोकांत आढळते. त्यांच्यात गोळीचा परिणाम अपुरा पडू शकतो. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२४ मध्ये गुठळीच्या पक्षाघातानंतर या चाचणीची शिफारस केली. अहवालाची वाट पाहताना किंवा तो हाती आल्यावर मनाने गोळी बंद करणे मात्र धोक्याचे आहे.

आनुवंशिक आजाराच्या चाचणीला नकार देण्याचे कारण पैसा असतेच असे नाही. मुलीच्या लग्नात अडचण येईल, ही भीती त्याहून मोठी असते. तिला अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही, कारण भारतात जनुकीय भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा नाही. कॅडॅसिल बरा करणारे औषध अद्याप नसल्याने, लक्षणे नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी सहसा केली जात नाही आणि सज्ञान माणसालाही ‘मला जाणून घ्यायचे नाही’ असे म्हणण्याचा हक्क आहे. अडचण अशी, की नातवाच्या चाचणीत आईच्या वडिलांकडचा बदल सापडला, तर स्वतः चाचणी नाकारलेल्या त्याच्या आईचाही निकाल आपोआप उघड होतो. म्हणूनच रक्त घेण्याआधीच्या समुपदेशनात अहवाल घरातील कोणाकोणाला सांगायचा, हेही ठरवून घेतात.