थॉर्प चषक

डेकॅथलॉन (दहा खेळप्रकारांची एकत्रित स्पर्धा) आणि हेप्टॅथलॉन (सात प्रकारांची) या मैदानी प्रकारांची आंतरराष्ट्रीय सांघिक लढत. ती अमेरिका आणि जर्मनी या दोनच देशांच्या संघांत होते. पुरुष डेकॅथलॉन खेळतात, महिला हेप्टॅथलॉन. जर्मनीतील मारबुर्ग आणि बर्नहाउझेन या गावांनी तिचे यजमानपद सांभाळले आहे. ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेच्या संघातली जागा थोडक्यात हुकलेल्या खेळाडूंना इथे देशाची जर्सी घालून खेळायला मिळते, हे या चषकाचे मोठेच मोल.

डेकॅथलॉनमध्ये पहिल्या दिवशी १०० मीटर धावणे, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि ४०० मीटर. दुसऱ्या दिवशी ११० मीटर अडथळा शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि १५०० मीटर. हेप्टॅथलॉनमध्ये १०० मीटर अडथळा, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर आणि दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, ८०० मीटर. प्रत्येक कामगिरीला ठरलेल्या सूत्राने गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक काय आला याचा गुणांशी संबंध नसतो. स्पर्धा घड्याळाशी आणि टेपाशी.

असा एकट्याचा खेळ सांघिक होतो तो बेरजेने. संघातल्या ठरावीक सर्वोत्तम खेळाडूंचे गुण एकत्र केले जातात आणि मग मैदानावरचे वागणेच बदलते. बांबू उडीचे उदाहरण घ्या. ४.०० मीटर ओलांडले की ६१७ गुण, ५.०० मीटरला ९१०. पण सुरुवातीच्या उंचीवरच तिन्ही प्रयत्न फसले तर शून्य. एकट्यासाठी खेळणारा हा धोका पत्करू शकतो. संघासाठी खेळणाऱ्याने आधी खालच्या उंचीवर एक उडी पदरात पाडून घ्यायची असते, कारण त्याचे ६१७ गुण गेले तर ते भरून काढणे सोबत्यांच्या आवाक्याबाहेरचे ठरते. एखाद्या प्रकारात शून्य मिळाले तरी पुढचे प्रकार खेळता येतात. पण एखाद्या प्रकाराला उभेच राहिले नाही, तर स्पर्धाच संपते. म्हणून दुखरा पाय घेऊनही खेळाडू शेवटच्या शर्यतीच्या रेषेवर येतो. या खेळातले मला सर्वांत भावणारे दृश्य तेच.

चषकाला नाव आहे जिम थॉर्प यांचे. सॅक अँड फॉक्स या मूळ अमेरिकन जमातीतल्या थॉर्प यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन या दोन्हींत सुवर्णपदक मिळवले. तेव्हाचे डेकॅथलॉन तीन दिवस चालले आणि दुसऱ्या आलेल्या स्वीडनच्या ह्यूगो विसलांडर यांच्यापेक्षा थॉर्प यांचे गुण सुमारे ६८८ ने जास्त होते. त्याच ऑलिंपिकमध्ये ते उंच उडीत चौथे आणि लांब उडीत सातवे आले. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, आधी थोड्या पैशांवर बेसबॉल खेळल्याने ते हौशी खेळाडू उरले नाहीत असे कारण देऊन त्यांची पदके काढून घेण्यात आली. १९५३ मध्ये थॉर्प गेले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना पुन्हा विजेते मानले, पण ‘संयुक्त’. पदकांच्या प्रतिकृती जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या मुलांच्या हाती दिल्या. एकमेव विजेते म्हणून नोंद व्हायला जुलै २०२२ उजाडला. हा अन्याय होता आणि तो दुरुस्त व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

याच जातीची दुसरी स्पर्धा युरोपातली. १९७३ मध्ये ती युरोपियन चषक म्हणून सुरू झाली. तिथे संघांच्या श्रेणी असत आणि कामगिरीनुसार वरच्या-खालच्या श्रेणीत जावे लागे. प्रत्येक देशाचे चार खेळाडू उतरत, सर्वोत्तम तिघांचे गुण धरत. चौथा म्हणजे विम्याचा हप्ताच.

भारतातही या प्रकारांची परंपरा जुनी आहे. गुरबचन सिंग रंधावा (१९६२) आणि विजय सिंग चौहान (१९७४) यांनी आशियाई स्पर्धेत डेकॅथलॉनचे सुवर्ण जिंकले. २०१८ मध्ये स्वप्ना बर्मन हिने हेप्टॅथलॉनमध्ये ६,०२६ गुणांसह सुवर्ण मिळवले, तर हांगझोऊ येथे २०२३ मध्ये मूळचा उंच उडीपटू असलेल्या तेजस्विन शंकरने ७,६६६ गुणांसह डेकॅथलॉनचे रौप्य.

नाशिकची ओळख मात्र लांब पल्ल्याच्या धावण्याची. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणले; चांदवड तालुक्यातील संजीवनी जाधव हिने २०१७ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटरचे कांस्य. नाशिककर वाचकाला डेकॅथलॉनचे गणित त्यामुळे थोडे आश्चर्याचे वाटेल. १५०० मीटर ४ मिनिटे ३० सेकंदांत धावल्यास ७४५ गुण, पूर्ण ४ मिनिटांत धावल्यास ९५३. म्हणजे अर्धा मिनिट कमी करण्याच्या कष्टाची कमाई २०८ गुण. बांबू उडीतले ४.०० मीटर त्याच्या जवळजवळ तिप्पट देतात. आदिवासी पाड्यांतून आलेल्या मुलांकडे दम असतोच. हवी ती बांबू उडीची जाड गादी, लवचीक बांबू, थाळीफेकीची जाळी आणि हे सगळे शिकवणारा माणूस. दोन जिल्ह्यांमध्ये थॉर्प चषकाच्या धर्तीवर दोन दिवसांची लढत घ्यायची म्हटली, तर गुणांचे सूत्र सर्वांना खुले आहे. खर्च गादीचा आणि जाळीचा येतो.